हॅलो, प्रेसिडेंट बोलतोय

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, इंग्लिश पिक्चर फारसे आवडत नाहीत. भाषा कळत नाही असं काही नाही, तेवढं इंग्लिश त्यांना येतं, पण "सारखं काहीतरी उडवत असतात" ही त्यांची तक्रार. अपवाद एकच, 'एअर फोर्स वन', १९९७ चा, हॅरिसन फोर्डवाला. केबलवर तो सारखा लागायचा आणि आप्पा तोही पूर्ण कधी बघायचे नाहीत, त्यांना त्यातला एकच सीन हवा असायचा, आणि तो जवळ आला की मी स्वयंपाकघरातून त्यांना हाक मारायची असा घरात नियमच होता. सीन असा की विमान हायजॅक झालंय, प्रेसिडेंट जेम्स मार्शल खाली सामानाच्या भागात लपून बसलाय, तिथं उचकापाचक करताना त्याला एक फोन सापडतो आणि हा भाऊ सरळ व्हाइट हाऊसच्या बोर्डाला फोन लावतो. पलीकडं ऑपरेटर बाई. हा म्हणतो मी प्रेसिडेंट बोलतोय. ती म्हणते, हो का, मग मी फर्स्ट लेडी.

आप्पा मांडीवर थाप मारून हसायचे. "बरोबर आहे तिचं!" म्हणायचे आणि उठून बाहेर जायचे. पुढं विमानाचं काय झालं, प्रेसिडेंट वाचला का मेला, काही देणंघेणं नाही.

कारण आप्पा कराडला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होते, म्हणजे बाहेरगावचे फोन हातानं जोडून द्यायचे. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, हातात कॉर्डी आणि बाजूला कॉलच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लायटनिंग असे तीन प्रकार, आणि लायटनिंगचे पैसे परवडत नसले की लोक काय करायचे तर हुद्दा सांगायचे. मी कलेक्टरसाहेबांच्या बंगल्यावरून बोलतोय. मी आमदारसाहेबांचा पीए बोलतोय. एकानं तर रात्री दोन वाजता "मी मंत्रालय बोलतोय" असं सांगितलं होतं, आप्पा म्हणाले अख्खं मंत्रालय बोलतंय का, मग जरा सावकाश बोला. तर ज्या माणसाची अशी तीस वर्षं गेली त्याला त्या व्हाइट हाऊसच्या बाईत आपली सहकारीच दिसणार ना.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे मला सिनेमा-सिरियलमधले खोटे प्रेसिडेंट बघायचं व्यसन आहे, आणि मध्यंतरी लक्षात आलं की मी पण आप्पांसारखाच बघतो. म्हणजे तो प्रेसिडेंट दिसतो कसा, भाषण कसं करतो, नैतिक आहे की हरामी आहे, हे सगळं नंतर. आधी मी बघतो की तो फोनवर कसा बोलतो. आणि माझं प्रामाणिक मत असं झालंय की चांगला खोटा प्रेसिडेंट फोनवरच कळतो, बाकी सगळी सजावट.

विचार करा ना, लेखकाची अडचण काय आहे. प्रेसिडेंट हे हिरोसाठी अत्यंत वाईट काम आहे, माणूस दिवसभर एका खोलीत बसलेला, लोक येणार, कागद देणार, हा सही करणार, पुढच्या मीटिंगला जाणार. जगातला सगळ्यात पॉवरफुल माणूस म्हणे, पण कॅमेऱ्यासमोर करण्यासारखं त्याच्याकडं काहीच नाही. मग दोनच रस्ते उरतात. एक, त्याला खोलीतून उचलायचा आणि विमानात बसवायचा. किंवा दोन, त्याच्या हातात रिसीव्हर द्यायचा.

पहिल्या रस्त्याला काही कमी लोक गेलेले नाहीत. 'इंडिपेंडन्स डे' (१९९६) मधला बिल पुलमनचा व्हिटमोर, गल्फ वॉरमधला पायलट, शेवटी स्वतःच फायटर घेऊन एलियनवर जातो. त्याचं ते भोंग्यावरचं भाषण मला कॉलेजात पाठ होतं, नाकारत नाही. पण आता परत बघितला की वेगळंच आवडतं. एलियन लोक आपलेच सॅटेलाइट वापरून आपला कार्यक्रम करतायत, त्यामुळं हल्ल्याचा निरोप जगभर पाठवायचा कसा, तर मोर्स कोडनं. कट्ट कडकट्ट! सगळ्या दुनियेची टेक्नॉलॉजी आडवी झाल्यावर वाचवणार कोण तर तारमास्तर. (आपल्याकडची तार जुलै २०१३ मध्ये बंद झाली, म्हणजे त्यानंतर एलियन आले तर आपलं कठीण आहे.) गेममध्ये तर या रस्त्याचा पार हायवे केलाय. 'मेटल वुल्फ केऑस' नावाचा २००४ चा जपानी गेम आहे, त्यात व्हाइस प्रेसिडेंट बंड करतो आणि प्रेसिडेंट मायकल विल्सन एका अवजड रोबो-सूटमध्ये शिरून स्वतःच्याच देशाच्या सैन्यावर रॉकेट सोडत सुटतो. 'सेंट्स रो फोर' मध्ये गल्लीतला गुंड प्रेसिडेंट होतो. आणि ८८ चा 'बॅड ड्यूड्स', त्यात निन्जा प्रेसिडेंटला पळवतात, तुम्ही लाथाबुक्क्या घालून सोडवता, आणि तो सुटल्या सुटल्या म्हणतो चला बर्गर खाऊ. मेडल नाही, नोकरी नाही, बर्गर. असो, हे सगळं मजेचं आहे पण यातला एकही प्रेसिडेंट लक्षात राहत नाही, सूट लक्षात राहतो.

दुसऱ्या रस्त्याचं मूळ बघायचं तर १९६४ ला जावं लागतं आणि ते वर्ष खरंच अजब आहे. आदल्या नोव्हेंबरात केनेडींना गोळ्या घातलेल्या, जॉन्सन प्रेसिडेंट झालेले आणि व्हाइस प्रेसिडेंटची खुर्ची चक्क रिकामी, कारण मध्येच रिकामी झालेली ती खुर्ची भरायची सोयच तेव्हा घटनेत नव्हती, ती पंचविसावी दुरुस्ती आली १९६७ ला. म्हणजे सगळ्या देशाच्या डोक्यात एकच, आता या माणसाला काही झालं तर कोण? आणि त्याच एका वर्षात किती खोटे प्रेसिडेंट निघाले बघा. आयर्विंग वॉलेसची 'द मॅन' कादंबरी, व्हाइस प्रेसिडेंट आधीच गेलेला, प्रेसिडेंट आणि स्पीकर जर्मनीत एका इमारतीखाली दबून मरतात आणि खुर्ची येते डग्लस डिल्मन नावाच्या काळ्या सिनेटरकडं. हे जाडजूड पुस्तक मला पुण्यात फुटपाथवर मिळालं होतं, मधली आठ पानं उपटलेली, तरी दोन रात्रींत संपवलं. दुसरा पिक्चर 'किसेस फॉर माय प्रेसिडेंट', त्यात पहिली बाई प्रेसिडेंट, आणि शेवटी ती राजीनामा देते कारण... तिला दिवस गेलेत. एवढ्या कारणावरून पिक्चर संपवला. १९६४ च्या लोकांना पृथ्वीचा सत्यानाश दाखवायला धीर होता, पण खुर्चीवरची गरोदर बाई दाखवायला नव्हता.

आणि सत्यानाश दाखवणारे दोन पिक्चर, ते पण त्याच वर्षी, त्याच कोलंबिया कंपनीचे. कुब्रिकचा 'डॉक्टर स्ट्रेंजलव्ह' जानेवारीत आणि सिडनी ल्युमेटचा 'फेल सेफ' ऑक्टोबरात. गोष्ट जवळजवळ एकच की अमेरिकेची बॉम्बर विमानं, एकीकडं चुकून आणि एकीकडं कुणाच्या वेडेपणानं, रशियावर निघालीत, परत बोलवता येत नाहीत, आता प्रेसिडेंटनं रशियाच्या प्रमुखाला फोन करून हे सांगायचंय. एकाच फोनची दोन व्हर्जन.

आता इथं एक गंमत. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात जो लाल फोन आहे ना, मॉस्को-वॉशिंग्टन हॉटलाइनचा, तो तसा नव्हताच. क्यूबातल्या मिसाइलांच्या भानगडीनंतर १९६३ ला करार झाला, ३० ऑगस्टला लाइन चालू झाली, पण ती होती टेलिप्रिंटरची. टाइप करायचं, पलीकडं कागद निघणार. बोलायचं नाही हे मुद्दाम ठरवलेलं, कारण बोलताना माणूस घाईत काहीतरी बोलून बसतो आणि दुभाष्या त्याचं अजून काहीतरी करतो. अमेरिकेकडून गेलेला पहिला टेस्ट मेसेज म्हणजे टायपिंगच्या क्लासला आपण सगळ्यांनी बडवलेलं ते क्विक ब्राउन फॉक्सचं वाक्य. मॉस्कोत तो कोल्हा वाचून किती डोकी खाजवली असतील देव जाणे. ७१ च्या आपल्या युद्धात पण ही लाइन वापरली गेली होती, म्हणजे आपल्याबद्दलचे कागद पण त्या मशीनमधून निघालेत. पण पिक्चरवाल्यांना टेलिप्रिंटर काय कामाचा, कागद बाहेर येताना बघत कोण बसणार, त्यांनी हातात फोन दिला आणि खऱ्यापेक्षा खोटाच जगाच्या लक्षात राहिला.

तर स्ट्रेंजलव्हमधला प्रेसिडेंट मर्किन मफली, पीटर सेलर्सनं केलेला, टकलू, चष्मा, एखाद्या नगरपालिकेच्या शाळेचे हेडमास्तर शोभतील असा. सेलर्सनं त्या पिक्चरमध्ये तीन रोल केलेत. आधी म्हणे त्यानं मफलीला सर्दी झाल्यासारखा विनोदी केला होता आणि सेटवर सगळे इतके हसायला लागले की कुब्रिकनं सांगितलं, सरळ कर. आणि सरळ केला म्हणूनच तो फोन एवढा भारी झालाय. पलीकडचा दिमित्री आपल्याला एकदाही ऐकू येत नाही. तो प्यायलेला आहे, मागं गाणी चालू आहेत, आणि हा आधी त्याला म्हणतो जरा म्युझिक कमी करता का. मग हालहवाल. तू बरा, मी पण बरा, दोघंही बरे आहोत हे बरंच झालं. आणि मग हळूच, आमच्या एका कमांडरचं डोकं जरा फिरलंय, त्यानं जरा एक वेडेपणा केलाय. 'जरा'. अणुबॉम्ब घेऊन विमानं निघालीत आणि हा 'जरा' म्हणतोय! जावयाच्या नव्या गाडीला आपल्या हातून पोचा आला की आपण ज्या आवाजात फोन करू तो आवाज. मग दिमित्री रुसतो. मग सॉरी कोण जास्त यावर वाद, तू माझ्यापेक्षा जास्त सॉरी आहेस असं म्हणू नको, मी पण तुझ्याइतकाच सॉरी आहे.

मला सगळ्यात प्रिय त्याच्या पुढचा भाग. रशियाच्या एअर डिफेन्सच्या मुख्यालयाला फोन करून विमानांची माहिती द्यायचीय पण नंबर? मुख्यालय आहे ओम्स्कला. नंबर दिमित्रीकडंही नाही. मग काय, ओम्स्कच्या इन्क्वायरीला विचारा! म्हणजे जग बुडायला आलंय आणि यांना लावायचाय आपला इन्क्वायरीचा १९७.

आणि त्याच पिक्चरमध्ये, विमानं परत बोलवायचा कोड ज्याला सापडलाय तो ब्रिटिश ऑफिसर (हा पण सेलर्सच) एका कॉइन बॉक्सवरून प्रेसिडेंटला फोन लावायला बघतो आणि त्याच्याकडं वीस सेंट कमी पडतात. कलेक्ट कॉल करू म्हणतो, पलीकडचे घेत नाहीत. मग शेजारच्या अमेरिकन कर्नलला म्हणतो त्या कोकाकोलाच्या मशीनवर गोळी झाड आणि सुटे काढ, आणि तो कर्नल म्हणतो की बाबा ही प्रायव्हेट प्रॉपर्टी आहे. एसटी स्टँडवर खिशात नोटा आहेत पण एकाचं नाणं नाही म्हणून पानटपरीवर नको असलेली गोळी विकत घेतलीय अशा प्रत्येक माणसानं हा सीन बघावा. मी हा सीन आप्पांना दाखवला होता. ते हसले नाहीत. म्हणाले, "ऑपरेटरनं लावून द्यायला पाहिजे होता. इमर्जन्सीला आम्ही द्यायचो. पैशाचं नंतर बघायचं."

'फेल सेफ' मात्र मी त्यांना दाखवलेला नाही आणि दाखवणारही नाही. हेन्री फोंडाचा प्रेसिडेंट, त्याला नाव पण दिलेलं नाही. जमिनीखाली एक छोटी खोली, भिंती पांढऱ्या, एक टेबल, एक फोन, तो आणि त्याचा दुभाष्या बक, म्हणजे लॅरी हॅगमन, जो पुढं 'डॅलस' सिरियलचा जेआर झाला, इथं मात्र घामानं भिजलेला पोरगा. पिक्चरला बॅकग्राउंड म्युझिक अजिबात नाही, त्यामुळं खोलीतली शांतताच कानाला टोचते. फोंडा त्या पोराला आधी काय सांगतो, की रशियन प्रमुख काय बोलतो ते तर सांगच, पण शब्द एक आणि आवाज वेगळा असं वाटलं की ते पण मला सांग. मी तिथं पिक्चर थांबवला होता. कारण हे वाक्य मी लहानपणी घरात ऐकलंय. आप्पा म्हणायचे की कॉल जोडला की तीन सेकंदांत कळतं पलीकडं कुणी गेलंय की कुणी झालंय. शब्द अजून यायचेच असतात.

शेवट सांगतो, साठ वर्षं झाली पिक्चरला, आता काय स्पॉयलर. एक विमान मॉस्कोवर पोचतंच. आणि रशियाला पटावं की हे चुकूनच झालं, म्हणून फोंडा ठरवतो की बदल्यात आपणच आपल्या न्यूयॉर्कवर बॉम्ब टाकायचा, जिथं त्याची बायको त्या दिवशी गेलीय. मॉस्को गेलं हे कळायचं कसं, तर मॉस्कोतला अमेरिकन राजदूत फोन धरून बसलाय, त्याचा फोन वितळला की एक कर्कश शिट्टीसारखा आवाज येईल. आणि येतो. बस. स्फोट नाही, ढग नाही, नुसता लाइनवरचा आवाज. मी त्या रात्री नीट झोपलो नाही.

एकाच फोनची ही दोन टोकं झाली, मफली आणि फोंडा, आणि मला वाटतं पुढचे सगळे खोटे प्रेसिडेंट या दोघांच्या मध्येच कुठंतरी बसतात.

स्ट्रेंजलव्ह ज्या पुस्तकावरून घेतला त्याचं नाव 'रेड अलर्ट', १९५८ चं, पीटर जॉर्जचं. आमच्या पिढीला रेड अलर्ट म्हटलं की पुस्तक आठवत नाही, सायबर कॅफे आठवतो. 'रेड अलर्ट टू', २००० साली आलेला, तासाला वीस रुपये, पाच पोरं पाच कॉम्प्युटर, टेस्ला कॉइल, किरोव्ह रिपोर्टिंग. गेमच्या सुरुवातीलाच व्हिडिओ आहे, रशियन सैन्य चाल करून येतंय आणि प्रेसिडेंट ड्यूगन (रे वाइज, हसू कायम ओठात दाबलेलं) रशियन प्रीमियर रोमानोव्हला फोन करतो. म्हणजे इथं पण तेच, आधी फोन! सगळे पोरं तो व्हिडिओ एस्केप दाबून उडवायचे कारण मीटर चालू. मी एकटाच बघत बसायचो आणि शिव्या खायचो. पुढं युरी नावाचा टकल्या लोकांच्या मनावर कब्जा करतो आणि अमेरिकेची मिसाइलं आपल्याच खड्ड्यात फुटतात.

पण गेममधला माझा सगळ्यात लाडका प्रेसिडेंट म्हणजे 'फॉलआउट थ्री' (२००८) चा जॉन हेन्री ईडन. अणुयुद्धानंतरचं उजाड वॉशिंग्टन, तुम्ही एकटे चाललाय, आणि हवेत तरंगणारे गोल गोल रोबो रेडिओ वाजवत फिरतायत, त्यावर प्रेसिडेंटसाहेबांचा आवाज. काय आवाज! माल्कम मॅकडॉवेलचा. केंटकीतलं बालपण, हनी नावाची कुत्री, जुने चांगले दिवस. दुपारच्या झोपेआधी ऐकावं असलं गोड. मी कितीतरी तास नुसता ते ऐकत फिरलोय. आणि शेवटी साहेबांना भेटायला जावं तर तिथं माणूसच नाही, कॉम्प्युटर आहे, जुन्या प्रेसिडेंटांच्या माहितीवर स्वतःला घडवलेला. कुत्री कुठली आणि केंटकी कुठलं. मग तुम्ही त्याला बोलण्यातच गुंडाळू शकता, तू चुकत नाहीस कशावरून, तर म्हणे मला तसंच बनवलंय, आणि त्याच घोळात अडकून तो स्वतःला उडवून घ्यायला तयार होतो. मी तर त्याला बोलूनच संपवला. ऑपरेटरच्या पोराला बंदूक काय करायची.

'द वेस्ट विंग' सिरियलवर न लिहिता हा विषय सोडला तर लोक कमेंटमध्ये मारतील म्हणून लिहितो, आणि खरं तर तो माझा पण देव आहे. १९९९ ते २००६, मार्टिन शीनचा जेड बार्टलेट, अर्थशास्त्राचं नोबेल, डोक्यात सगळं लॅटिन. (मूळ बेत असा होता की प्रेसिडेंट फार दिसणारच नाही, गोष्ट स्टाफची असणार, पण शीन आला आणि सगळं त्याच्याभोवती फिरायला लागलं.) तो कोट कसा घालतो बघितलंय का? दोन्ही हात वर करून डोक्यावरून फिरवून घालतो, लई स्टायलिश वाटतं. जन्माच्या वेळी चिमट्यानं शीनचा डावा खांदा जायबंदी झाला, हात नीट मागं जात नाही, म्हणून तसं. कॉलेजात आमच्यातला एकजण तसाच जॅकेट घालायचा, त्याचे दोन्ही खांदे धडधाकट होते.

तर बार्टलेटचे मोठे मोठे सीन लोक सांगतात, चर्चमध्ये देवाला लॅटिनमध्ये शिव्या देतो तो वगैरे. मी सांगणार टर्कीचा. थँक्सगिव्हिंग आलंय आणि साहेबांना प्रश्न पडलाय की मसाला टर्कीच्या पोटात भरून भाजायचा की वेगळा, आतून कच्चा राहिला तर बाधेल का. कुणीतरी सांगतं की बटरबॉल नावाची टर्कीची कंपनी आहे, तिची हेल्पलाइन असते. साहेब खूश! फोन लावतात. पलीकडची बाई नाव विचारते. आता मी प्रेसिडेंट असं सांगितलं तर ती काय म्हणणार ते आप्पांच्या सीनमध्ये आलंच आहे. हा खोटं नाव ठोकून देतो, जो बेथर्सनटन, गाव फार्गो, मग पत्ता, पिनकोड, शेजारी उभ्या असलेल्या टोबीचा चेहरा बघण्यासारखा. ती बाई शांतपणे सांगते की थर्मामीटर मध्यभागी घाला, १६५ डिग्री झाली पाहिजे, आणि हा शाळेतल्या पोरासारखा मान हलवत ऐकतो. फोन ठेवल्यावर चेहऱ्यावर जो आनंद आहे ना, सात वर्षांत त्या माणसाला इतकं खूश क्वचित बघितलंय. कुणीतरी त्याच्याशी गिऱ्हाईक म्हणून बोललं, बस.

हाच देवमाणूस आपल्या बाबतीत मात्र जरा कच्चा. जानेवारी २००० ला एक एपिसोड आला, भारताचं सैन्य पाकिस्तानच्या ताब्यातल्या काश्मीरमध्ये घुसतं. कारगिल होऊन सहा महिने. तिथं भारत-पाकिस्तान म्हणजे दोन अणुबॉम्बवाली भांडखोर पोरं, आणि समजावायला बोलावतात कुणाला तर एका दारुड्या ब्रिटिश लॉर्डला. म्हणजे काय बोलायचं. आमच्या घरात आप्पांनी कारगिलच्या वेळी जवानांच्या घरचे फोन कसे जोडून दिले होते ते ऐकून मी मोठा झालोय, त्यामुळं तो एपिसोड मी रागात बघितला, पण बघितला दोनदा.

'२४' सिरियलमधल्या प्रेसिडेंट डेव्हिड पामरचं पण थोडं सांगितलं पाहिजे. एजंट जॅक बावरचा फोन आणि पामरचा फोन यावर ती सिरियल चाललीय. दुसऱ्या सीझनमध्ये अणुहल्ल्याचा प्रयत्न होतो, सायप्रसमधलं एक रेकॉर्डिंग समोर येतं, त्यात तीन देशांची नावं आहेत, सगळे म्हणतात करा हल्ला, आणि पामर म्हणतो थांबा, आवाज खरा आहे का आधी बघा. तर कॅबिनेट त्याच पंचविसाव्या दुरुस्तीतल्या दुसऱ्या एका सोयीनं त्यालाच बाजूला करतं. रेकॉर्डिंग निघतं खोटं. हे टीव्हीवर चालू असताना मार्च २००३ मध्ये खऱ्या अमेरिकेनं इराकमध्ये सैन्य घातलं. आठव्या सीझनमध्ये तर आपला अनिल कपूर एका खोट्या देशाचा, कामिस्तानचा, प्रेसिडेंट ओमर हसन झालाय, आणि झक्कास केलाय. मग त्यानंच २०१३ ला हिंदी '२४' आणलं, पण तिथं प्रेसिडेंटच्या जागी पंतप्रधानपदाचा उमेदवार, कारण आपल्या राष्ट्रपतींना कोण रात्री तीन वाजता फोन करून बॉम्ब सापडलाय सांगणार.

'व्हीप' सिरियलमधली सेलिना मायर व्हाइस प्रेसिडेंट असते तेव्हा रोज ऑफिसात शिरताना एकच विचारते, प्रेसिडेंटचा फोन आला होता? उत्तर रोज, नाही. एका शब्दाचा जोक, आणि त्यात आख्खी नोकरी आली. 'हाऊस ऑफ कार्ड्स'चा अंडरवूड मला कधी जमला नाही, तो कॅमेऱ्याशीच इतकं बोलतो की पलीकडं कुणी असायची गरजच नाही. आणि बिल क्लिंटननं जेम्स पॅटरसनबरोबर २०१८ ला एक थ्रिलर लिहिलंय, खऱ्या प्रेसिडेंटनं रंगवलेला खोटा प्रेसिडेंट, मी शंभर पानांत सोडलं. माहितगार माणसाला गोष्ट सांगता येतेच असं नाही.

आता शेवटचा, हा अमेरिकन नाही. युक्रेनची 'सर्व्हंट ऑफ द पीपल', २०१५ ची, इतिहासाचा एक मास्तर रागाच्या भरात सिस्टीमला शिव्या घालतो, व्हिडिओ व्हायरल होतो आणि तो प्रेसिडेंट होतो. मास्तर झालेला नट वोलोदिमिर झेलेन्स्की. २०१९ ला तो ७३ टक्के मतं घेऊन खरंच प्रेसिडेंट झाला, पक्षाचं नाव पण सिरियलचंच. त्या सिरियलमध्ये एक सीन आहे, मास्तरला अँजेला मर्केलचा फोन येतो, अभिनंदन, तुमच्या देशाला युरोपियन युनियनमध्ये घेतोय. मास्तर आनंदानं वेडा व्हायचा बाकी, युक्रेनच्या वतीनं आभार मानतो. पलीकडून, युक्रेन? अरे सॉरी, आम्हाला माँटेनेग्रोला लावायचा होता.

आणि खरा प्रेसिडेंट झाल्यावर दोनेक महिन्यांनी, २५ जुलै २०१९ ला, त्याला ट्रम्पचा फोन आला. त्या एका फोनवरून अमेरिकेत महाभियोग झाला. कॉलचं जे टिपण पुढं सरकारनं बाहेर काढलं त्यावर लिहिलेलं होतं की हे शब्दशः नाही, ऐकणाऱ्या ड्यूटी ऑफिसरांनी वगैरे घेतलेल्या टिपणांवरून आणि आठवणीवरून केलंय.

मागच्या दिवाळीला मी हे सगळं आप्पांना सांगत बसलो होतो. मर्केलवाला सीन मोबाईलवर दाखवला, सबटायटल वाचून दाखवले. त्यांचं एक मशीन कानात, एक टेबलावर. बघून झाल्यावर म्हणाले, "हा राँग नंबर नाही. लावून देणाऱ्याची चूक आहे. आधी दोन्हीकडनं नाव विचारायचं, मग कॉर्ड घालायची." मग ट्रम्पच्या फोनचं सांगितलं, की लोक बसून ऐकत होते आणि टिपून घेत होते.

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ऐकू तर येतंच रे. लिहून कशाला ठेवायचं."

आणि मग, "ते विमानवालं लाव."